कुठला घेऊ?

"कुठला घेऊ गं? हा की हा?"

फोनच्या पडद्यावर कस्तुरीने दोन कोट धरले होते. एक गडद डाळिंबी, दुसरा तपकिरी. दुकानाच्या काचेतून मागची, इंग्लंडमधल्या यॉर्कची गल्ली दिसत होती. जुनी लाकडी घरं वरच्या मजल्यावर एकमेकांकडे इतकी झुकलेली, की समोरच्या खिडकीतून शेजारणीला वाटीभर साखर देता यावी. खाली नाताळच्या खरेदीची झुंबड.

इकडे सिंगापुरात, सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये स्वानंदीने भाजीखालचा गॅस बारीक केला आणि फोन डोळ्यांजवळ नेला. डाळिंबी कोट देखणा होता. कस्तुरीच्या सावळ्या रंगावर तो असा खुलला असता की माणसं वळून बघतील.

"तपकिरी," स्वानंदी म्हणाली. "डाळिंबी फार भडक आहे. आपल्या वयाला शोभायला नको?"

डायनिंग टेबलाशी बसलेल्या जाईने मान उंचावली. "नो लाह, मम्मा! रेड वन इज सो नाइस!"

"तू होमवर्क कर."

कस्तुरी हसली. "बरं झालं तुला विचारलं," म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

त्या दिवशी स्वानंदीची भाजी छान झाली.

दोघी पुण्याच्या कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. पीएचडीसाठी अर्ज दोघींनी केले होते, निवड एकट्या कस्तुरीची झाली. स्वानंदी आयटीत शिरली, सुयशशी लग्न करून सिंगापूरला आली, नोकरी आणि संसार सांभाळत राहिली. पुढे कस्तुरीने विचारलं, "मला तिकडच्या विद्यापीठात पोस्टडॉक मिळतेय, येऊ का?" स्वानंदीने तिला उकाडा सांगितला, घरभाडी सांगितली, माणसं कशी तुटक वागतात ते सांगितलं. तरी ती आली, आणि वर्षभरात सगळ्यांची लाडकी झाली. गणपतीत आरती सांगायला कस्तुरी, मुलांच्या नाटकाला कस्तुरी. सुयशसुद्धा लॅपटॉप विकत घेताना म्हणाला होता, "जरा कस्तुरीला विचारून बघ ना."

सगळ्यात जास्त खुपायचं ते तिचं नशीब. कॉलेजात गाईड निवडताना स्वानंदीने तिला अगदी खडूस सर सुचवले होते. आयत्या वेळी काय झालं कोण जाणे, तिला दुसऱ्या बाई मिळाल्या, आणि त्या बाईंनी तिला हाताला धरून पुढे नेलं. असं कितीदा तरी झालं. सल्ला कितीही वाकडा द्या, कस्तुरीचं सगळं सरळच व्हायचं.

आता ती काही आठवड्यांसाठी यॉर्कला कामाला गेली होती. रोज फोटो येत होते. कॅथेड्रलचे उंच मनोरे, नदीवरचं धुकं, बाजारातल्या लाकडी टपऱ्या आणि त्यांवरचे दिवे. स्वानंदी प्रत्येक फोटोला लाल बदाम टाकायची आणि फोन उलटा ठेवायची.

पण खरेदीसाठी कस्तुरी तिलाच विचारत होती, आणि स्वानंदीने ठरवून टाकलं होतं.

आईसाठी हाताने विणलेली शाल की हरणांची चित्रं छापलेली? "हरणांची. काकूंना गंमत वाटेल." वहिनीसाठी चांदीचं नाजूक पदक की चकचकीत माळ? "माळ. पदक दिसणारसुद्धा नाही." बूट? टोकदार टाचांचे. प्रत्येक वेळी कस्तुरी म्हणायची, "बरं झालं तुला विचारलं." स्वानंदीच्या डोळ्यांसमोर यायचं: तपकिरी कोट, माळेकडे बघून नाक मुरडणारी वहिनी, बर्फावरून घसरणारी कस्तुरी.

"कस्तुरीशी बोललीस की हल्ली बरी खुशीत असतेस," सुयश एकदा म्हणाला.

"मैत्रीण आहे माझी," ती म्हणाली.

नाताळच्या सुट्टीत कस्तुरी परतली. हौगांगला तिच्या इमारतीखालच्या कॉफीशॉपमध्ये दोघी भेटल्या. स्वानंदी मुद्दाम लवकर येऊन बसली होती. खरेदी बघायची होती. कस्तुरी आली ती रिकाम्या हाताने.

"सामान नंतर वर जाऊन दाखवते. आधी एक विचारायचंय." तिने कॉफीचा कप बाजूला सरकवला. "त्यांनी मला तिथे कायमची जागा देऊ केलीय. यॉर्कला. कळवायचंय. काय करू?"

स्वानंदीच्या मनात ओळखीची कळ उठली. त्या झुकलेल्या घरांच्या गल्ल्या, ते मनोरे, सगळं आता हिचंच होणार.

आणि मग ती कळ नेहमीसारखी टिकली नाही. तिला जाईच्या जन्माची वेळ आठवली. आईला व्हिसा मिळेना, तेव्हा बाळंतिणीच्या खोलीत रात्रंदिवस बसलेली कस्तुरी. सुयशची नोकरी गेली त्या महिन्यात काही न बोलता रोज संध्याकाळी येऊन पोळ्या लाटणारी कस्तुरी. आता हौगांगला यायचं कशाला? संध्याकाळी फोन वाजेल तो कोणाचा?

"जाऊ नकोस," ती म्हणाली.

आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. तिने कस्तुरीचं मनगट धरलं. "खरंच सांगते, कस्तुरी. जाऊ नकोस तिकडे. तुझं भलं नाही व्हायचं तिथे... नाही, तसं नाही. काहीतरीच बोलतेय मी. पण नको जाऊस."

कस्तुरीच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू उतरला. ती हसली, आणि स्वानंदीच्या हातावर तिने आपला दुसरा हात ठेवला.

"हुश्श. सुटले बाई एकदाची. आजच होकार कळवते."

"म्हणजे?"

"रागावू नकोस हं. कॉलेजपासून माझं ठरलेलंच आहे," कस्तुरी मायेने म्हणाली, "तू ज्याला नको म्हणशील, ते डोळे मिटून घ्यायचं. एकदाही फसले नाही मी."