तांब्याभर पाणी

गोळीबाराच्या परीक्षेचा आभासी चष्मा चढवताच हवालदार विश्राम घोलपांसमोर चौथ्यांदा तेच घर आणि दारात कोयता घेतलेला तोच हणमंत उभा राहिला. बारा वर्षांपूर्वीची घोलपांचीच केस. यंत्राने ती जुन्या चित्रणावरून हुबेहूब उभी केली होती.

“हणमंता, तहान लागलीय रे. तांब्याभर पाणी दे,” घोलप म्हणाले.

हणमंत कोयता उगारून धावून आला. चष्म्यात लाल अक्षरं उमटली: नापास.

“काका, पाणी काय मागताय? गोळी घाला!” फौजदार शिर्के मॅडम वैतागल्या. “आता नापास झालात तर वर्दी उतरवावी लागेल.”

“अहो, पाणी आणायला खऱ्या हणमंताने कोयता खाली ठेवला होता! दारात पाणी मागणाऱ्याला कोण नाही म्हणतं?”

“यंत्राला तहान कळत नाही, काका.”

“मग आम्हाला काय डोंबल शिकवणार ते?” घोलप करवादले. पाचव्या वेळी मात्र त्यांनी दातओठ खात गोळी झाडली. हणमंत उंबऱ्यावर कोसळला. शंभरपैकी शंभर.

चष्मा भिरकावून ते कँटीनमध्ये येऊन बसले. त्यांनीच तिथे कामाला लावलेल्या खऱ्या हणमंताने नेहमीसारखा न मागताच पाण्याचा तांब्या पुढे केला.

तो घ्यायला घोलपांना हात उचलवेना.