पहिला नग

सोजराबाईंनी देव्हाऱ्यातला नग उचलून पदराच्या गाठीत बांधला. खंडोबाच्या टाकाशेजारी तो वर्षभर बसला होता, हळदीकुंकवानं माखून.

बोटभर लांबीचं पातं, विमानाच्या इंजिनातलं. त्यांचा लेक सत्यजीत सणसवाडीच्या कंपनीत लेझरनं अशा पात्यांना केसाएवढी छिद्रं पाडायचा. त्यातून हवा खेळली तरच पातं जळत नाही. पहिलं कणीस देवाला, तसा पहिला नगही देवाला, हा आईचा हट्ट. मशीन सत्यजीतनंच लावलं होतं. पहिला नग तपासून झाल्यावर साहेबांना विचारूनच त्यानं घरी आणला. समईपुढं धरला की भिंतीवर उजेडाचे ठिपके पडत, कीर्तनातल्या टाळकऱ्यांसारखे सरळ ओळीत. सोजराबाईंना त्याचं भारी कौतुक.

मागल्या महिन्यात सरावाचं विमान पडलं. दोन पोरं गेली. छिद्रं तिरकी पडल्यानं पाती जळाली, असं निघालं. कंपनीनं सत्यजीतकडं बोट दाखवलं.

रविवारी तो दौंडला घरी आला, पण ताटावर बसला नाही. देव्हाऱ्याकडं बघत म्हणाला, "आई, त्यो नग हाय नव्हं?"

"हाय की."

त्यानं सुस्कारा टाकला आणि मिळेल त्या गाडीनं परत गेला. सोजराबाईंनी नग फुलांखाली झाकला.

सुनेनं, सवितानं, सासूच्याच मनातली भीती बोलून दाखवली. "चौकशीवाले घरी येत्याल, आत्याबाई. त्यो नग त्यांना घावला तर ह्यांना कोण सोडवणार?"

सप्ताहाच्या कीर्तनात बुवा म्हणाले होते, लेकराचा मळ पुसताना आई आपले हात बघत नाही. तेव्हा सोजराबाई हमसून रडल्या होत्या.

आज त्या भीमेत कमरेइतक्या पाण्यात शिरल्या. गाठ सोडली. पातं डोहात गेलं. गेलेल्या पोरांच्या आयांसाठी त्यांनी हात जोडले, लेकाचं पाप माझ्या पदरात घाल म्हणाल्या, आणि ओल्या लुगड्यानं घरी आल्या.

दारात जीप उभी होती. सत्यजीत चौकशीच्या साहेबांना घेऊन आला होता. किती दिवसांनी त्याच्या तोंडावर हसू होतं.

"भिजलीस कुठं गं?" म्हणत त्यानं आईला हाताला धरून देव्हाऱ्याकडं नेलं. "त्यो नग काढ, आई. माझी छिद्रं सरळ हायेत, सेटिंग मागनं बदललं. बाकीचे समदे नग कंपनीनं वितळवले, ह्यो येवढाच राहिलाय."