जळकं ऑइल

खाजवून खाजवून भुऱ्या कुत्र्याचं पोट सोलून निघालं होतं. शालिग्रामनं त्याला खुंटाला आखूड बांधलं आणि ट्रॅक्टरच्या जळक्या ऑइलमध्ये कुंचा बुडवला. "मागच्या साली शेजारच्या मुन्नाचं कुत्रं हेच चाटून मेलं," सीताबाई लेकाला म्हणाली. "मंग काय कुत्र्याले वाशीमच्या डॉक्टरकडे नेऊ? लोकं हासतीन, माय. घरातल्या लेकरायले खाज लागली मंजे?" दिवसभर वांग्याच्या मळ्यात ती खाजरं गाजरगवत उपटायची, भुऱ्या त्याच ढिगावर लोळायचा. आता तो दोरी ताणून तिच्या पायांत शिरत होता. कुंचा पोटाजवळ आला, तशी सीताबाई मधे येऊन बसली. अंगातल्या शालिग्रामच्याच जुन्या शर्टाच्या बाह्या तिनं वर सारल्या. कोपरापर्यंत तेच लाल चट्टे, तशीच सोललेली कातडी. "आधी मले लाव." कुंचा हवेतच थांबला. ऑइल त्याच्या मनगटावरून ओघळलं. "हे कधीपासून हाय, माय?" "भुऱ्याच्या आधीपासून."