थप्पीच्या पलीकडे

थप्पीच्या पलीकडून दोनदा टकटक झाली आणि थोरल्याने सवयीने फोर्कलिफ्टच्या दांडीवर हात ठेवला.

“थांबा,” सेफ्टीबाई म्हणाल्या. “टकटक बंद म्हणून काल सांगितलं ना? तोंडाने विचारायचं, तोंडाने उत्तर घ्यायचं, मगच उचलायचं.”

थोरला थांबला. माल ठेवायच्या पंधरा लाकडी पॅलेटांची थप्पी त्याच्यासमोर उभी होती आणि तिच्यामागे धाकटा. धाकट्याने थप्पी रचायची, तुटकी पॅलेटं वेगळी काढायची आणि बाजूला झालो की फळीवर दोनदा ठोकायचं. मग थोरल्याने थप्पी उचलून न्यायची. सहा वर्षं हे असंच चाललं होतं. त्याआधी दहा वर्षं धाकटा लाकूड कापायच्या मशीनवर होता. ते मशीन याच शेडमध्ये दिवसभर किंचाळायचं, त्यामुळे तोंडाने बोलून कुणाला काही कळायचंच नाही. आता मशीन मागच्या इमारतीत गेलं होतं, पण टकटक राहिली. मग गेल्या आठवड्यात पलीकडच्या शेडमध्ये एक सुटी फळी आपटली, चालकाला वाटलं इशारा झाला, आणि एका माणसाच्या पायाचा चुरा झाला.

बाईंनी नियम केला. जो आवाजाला उत्तर देणार नाही, त्याला कामावरून कमी करायचं. कालच्या मीटिंगमध्ये त्यांनी तो दोनदा वाचून दाखवला, तेव्हा सगळ्यांत जोरात मान धाकट्याचीच हलली होती.

पंचाईत एवढीच, की हे दोघं सख्खे भाऊ होते आणि दोन वर्षांपासून त्यांच्यात अबोला होता.

घराच्या वाटणीवरून तोंडाला तोंड लागलं होतं. थोरला नको ते बोलून गेला. महिन्याभराने त्याचं त्यालाच खाऊ लागलं, म्हणून एकदा जेवणाच्या सुट्टीत, नळावर हात धुणाऱ्या धाकट्याच्या मागे जाऊन तो उभा राहिला आणि “चुकलं माझं” म्हणाला. मशीन बंद होतं, ऐकू आलं नसेल असं म्हणायलाही जागा नव्हती. धाकट्याने हात झटकले आणि वळूनही न बघता चालता झाला. त्या दिवसापासून थोरल्यानेही त्याच्या नावाने पाणी सोडलं. शेडमधले लोक धाकट्याला मौनीबाबा म्हणायचे. तो कुणाशीच फारसा बोलत नसे, थट्टा केली तर नुसता हसे. थोरल्याला ते हसणंही खुपायचं.

“विचारा,” बाई म्हणाल्या. त्यांच्या हातात कागद होता. चार-पाच जण काम टाकून गंमत बघायला जमले होते. दोघांत आधी कोण नमतं, हे त्यांना बघायचं होतं.

थोरल्याने घसा साफ केला. दोन वर्षांनी भावाशी बोलायचं, तेही असं चारचौघांत.

“बाजूला झालास का?”

उत्तर नाही.

“बाजूला झालास का रे?” त्याने शेड दणाणेल एवढ्या मोठ्याने विचारलं.

पलीकडून पुन्हा दोनदा टकटक.

कुणीतरी खिदळलं. बाईंनी पेनाचं टोपण काढलं. थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नोकरी जायची वेळ आली तरी याचा ताठा जात नाही! क्षणभर त्याला वाटलं, जाऊ दे, लिहू दे बाईंना, आपल्याला काय. पण धाकट्याच्या घरी दोन लहान लेकरं होती. त्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि आता चांगले चार शब्द सुनावायचेच म्हणून थप्पीला वळसा घालून गेला.

धाकटा पिवळ्या रेघेबाहेर, अगदी नियमाप्रमाणे उभा होता. पाठ थोरल्याकडे. एक तळहात त्याने शेजारच्या थप्पीवर सपाट टेकवला होता, वैद्याने नाडी बघावी तसा.

“छोट्या,” थोरला म्हणाला. मग जरा मोठ्याने, “छोट्या!”

तो चार पावलांवर उभा होता. मशीन नव्हतं, इंजिनही बंद होतं. धाकट्याची मान हललीसुद्धा नाही.

थोरल्याचा राग कुठल्या कुठे गेला. त्याला नळ आठवला. तिथेही तो मागेच उभा होता. दोन वर्षं आपण कुणावर रुसून बसलो होतो, हे त्याला उमगलं आणि लाजेने त्याला कसंनुसं झालं.

त्याने बोटं वाकवून त्या शेजारच्या थप्पीवर हलकेच दोनदा ठोकलं.

धाकटा दचकून वळला. त्याने भावाचा चेहरा पाहिला आणि आपलं बिंग फुटलं हे त्याला कळलं. थप्पीच्या कडेने त्याने बाईंकडे चोरटी नजर टाकली. मग तो भावाच्या अगदी जवळ आला, त्याचं मनगट घट्ट धरलं आणि त्याच्या कानाशी लागला.

“दादा, मला ऐकू येत नाही. बाईंना सांगू नकोस.”

त्याच्या मते तो कुजबुजला होता. शेडच्या दाराबाहेर बसलेल्या रखवालदारानेसुद्धा मान वर केली.