वाचता न येणाऱ्यांसाठी

पहिल्याच फटक्याला ती भिंतीवर आदळली. दुसऱ्याला ओठ फुटला. गॅरेजमध्ये गंजलेले नट सोडवून राठ झालेले त्याचे हात आज बायकोवर चालत होते.

"रोज दुपारी कुठं जातेस? कोण आहे तो?"

संशयाला औषध नसतं, तरी ती बिचारी द्यायला गेली. "कोणी नाही हो. बोलायला जाते. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याशी."

इथंच घात झाला. सही करतानाही त्याला घाम फुटायचा. अक्षरं म्हणजे त्याच्या लेखी नुसत्या मुंग्या. बायको तोंडावर टोमणा मारतेय असं वाटून त्याचं डोकंच फिरलं. त्याने तिचे केस धरले आणि डोकं पलंगाच्या लोखंडी कडेवर आपटलं. मग पुन्हा आपटलं.

ती कोसळली ती हललीच नाही. फरशीवर रक्त पसरू लागलं तसा गडी भानावर आला. मघाचा वाघ, पण आता पाचावर धारण बसली. "ऊठ गं," तो म्हणाला. ती उठली नाही.

मदतीच्या फोनचा एक नंबर त्याला पाठ होता. तिथं दुखण्याखुपण्याचं सगळं वाचावं लागत नसे, ऐकायला मिळे. गॅरेजात कुणाचं बोट चिरडलं की तोच लावत. त्याने नंबर लावला, स्पीकर चालू करून फोन जमिनीवर ठेवला. डोक्याला मार लागला असेल तर तीन दाबा, एक पुरुषी आवाज म्हणाला. त्याने रक्ताळलेल्या बोटाने तीन दाबलं.

"घाबरू नका," त्याची बायको म्हणाली. "मी सांगते तसं करा."

त्याने दचकून तिच्याकडे पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते. आवाज फोनमधून येत होता. इतका ठाम आवाज त्याने तिला या घरात कधी काढूच दिला नव्हता.

"अगं, माझं चुकलं," तो फोनलाच म्हणाला. रेकॉर्ड केलेला आवाज कुणासाठी थांबतो? श्वास चालू आहे का बघा. चालू होता. मान हलवू नका. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा. त्याने दोरीवरचा टॉवेल ओढला आणि दाबून धरला. अँब्युलन्ससाठी एक दाबा. तेही दाबलं. तो हमसून हमसून रडत होता. बाहेर शेजारीण दार बडवत होती.

"गाडी निघाली आहे," बायकोचा आवाज म्हणाला. "मारहाण झाली असेल आणि मारणारा माणूस अजून तिथंच असेल, तर आधी त्याला लांब करा."

खोली कसली, खुराडंच ते. जखमेवरचा हात न काढता त्याने दुसऱ्या हाताने कडी सरकवली.

"काकू, हा टॉवेल धरा," तो म्हणाला, "आणि मला बाहेर काढा."