बोटभर फट

मुलाच्या माशांच्या टाकीची पुढची काच घडणीतच पोट सुटल्यासारखी बाहेर आलेली. बाजारातलं झाकण तिच्यावर बसेना. "बाबा, तुम्हीच करा," मुलगा म्हणाला, आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या सुताराचे रविवार उजळले. माप घेताना मुलगा टेपचं दुसरं टोक धरून त्याला खेटून बसला, लहानपणीसारखा बडबडला. गरम पाण्यात भिजवलेल्या लाकडी पट्टीनं काचेचा बाक पहिल्याच खेपेला अचूक घेतला, तशी म्हाताऱ्याला धडकी भरली. त्यानं मुद्दाम बोटभर फट ठेवली. "पूर्वीसारखा हात राहिला नाही माझा," म्हणत पुढच्या रविवारचं बोलावणं पदरात पाडून घेतलं. मग दर रविवारी तेच. आज तिथे नवी चौकोनी टाकी होती, तयार झाकणासकट. "सुटलात बाबा एकदाचे!" सून मायेनं म्हणाली. "मग पुढच्या रविवारी...?" म्हाताऱ्यानं मुलाला विचारलं. "आता कशाला हेलपाटा? काही काम निघालं की कळवतोच."