माफीचं कलम

"पाण्याची बाटली कोणी चोरली?" कोतवालांनी विचारलं, तेव्हा वर्गातली सगळी मुलं खाली मान घालून उभी राहिली. तटबंदीच्या त्या शहरात पाणी चोरणाऱ्याला वेशीबाहेर काढत, आणि बाहेर नुसतं वाळवंट होतं.

बाटली शाल्मलीने चोरली होती, तापाने फणफणलेल्या आईसाठी. कोतवाल तिच्यासमोर येऊन थांबले आणि घाबरून तिच्या तोंडून भलतंच नाव निघालं.

"हेमांगीने."

शेजारी उभ्या असलेल्या जिवलग मैत्रिणीने वळून तिच्याकडे पाहिलं. हेमांगीला सगळं माहीत होतं, तरी ती गप्प राहिली. शाल्मली वेशीपर्यंत तिच्यामागे चालत गेली. दार उघडल्यावर हेमांगीने एवढंच विचारलं, "काकूंचा ताप उतरला का गं?"

दार लागलं.

परतताना कोतवाल हळहळले. "चोरणाऱ्याने आपणहून कबूल केलं असतं, तर सोडलं असतं. मुलांच्या पहिल्या चुकीला कायद्यात माफी आहे."

वेस अजून वीस पावलांवरच होती. हाक मारली असती तर दार पुन्हा उघडलं असतं. शाल्मली थांबली आणि पुढे चालू लागली.

सव्वीस वर्षांनी ती त्या शहराची सर्वाधिकारी झाली. पहिल्याच दिवशी तिने माफीचं ते कलम रद्द करायचा हुकूम काढला.

"बाईसाहेब, लेकरांसाठी आहे हो ते," म्हातारा कारकून चाचरत म्हणाला.

"माहीत आहे," म्हणत तिने सही केली. दुसऱ्या कुणाला माफी मिळालेली तिला बघवणार नव्हती.